फायबरच्या जुन्या बोटीचे बोल्ट पुन्हा पुन्हा गंजतात : कारण आणि कायमचा इलाज

लक्षण नेहमीचंच असतं. मे महिन्यात बोट धुवायला काढली की दोर बांधायच्या क्लीटखालून किंवा नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, कडीखालून तपकिरी ओघळ उतरलेला दिसतो. मग तो घासून काढायचा, बोल्ट नवा टाकायचा, वरून सिलिकॉनची ट्यूब फिरवायची आणि रंगाचा हात मारायचा. पुढच्या वर्षी ओघळ त्याच जागी परत हजर. शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बामणोली-तापोळ्याकडे चालणाऱ्या प्रवासी बोटी असोत, नाहीतर कृष्णाकाठच्या गावांनी पुरासाठी ठेवलेल्या बोटी, दहा-पंधरा वर्षं झालेल्या फायबरच्या बोटीचं हे दुखणं सगळीकडे सारखंच आहे.

ओघळ परत येतो, कारण दुरुस्ती बोल्टची होते आणि बिघाड भोकात असतो. बोल्ट कितीही भारी आणा, भोक ओलं राहिलं की तो खराब होणारच.

भोकात नेमकं काय होतं

फायबरच्या बोटीचा काठ, डेक आणि मागची इंजिनाची फळी, म्हणजे ट्रान्सम, ही नुसती फायबरची नसते. दोन्ही बाजूंनी फायबरचे थर आणि मध्ये प्लायवूड अशी रचना असते. कारखान्यात बोल्टसाठी भोक पाडताना प्लायवूडची कापलेली कड बहुतेक वेळा उघडीच राहते. वरचा सीलंट, म्हणजे फट बुजवणारा माल, पाच-सात वर्षांत सुकतो, चिरतो आणि पाणी बोल्टच्या कडेने आत झिरपतं. प्लायवूड ते पिऊन घेतं आणि सोडत नाही.

स्टेनलेस स्टील टिकतं ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळाला की पापुद्रा आपोआप परत धरतो. ओल्या, बंद भोकात ऑक्सिजनच पोचत नाही. तिथे पापुद्रा फुटला की भरून येत नाही आणि धातूला खड्डे पडायला लागतात. पाण्यात क्लोराइड असेल तर ते आणखी भराभर पडतात.

म्हणून अशा बोटीतून काढलेला बोल्ट हातात घेऊन नीट बघा. डोकं चकचकीत, नटाकडचे आटे स्वच्छ, आणि मध्ये बरोबर प्लायवूडच्या जाडीएवढा काळपट पट्टा. त्या पट्ट्यावरून नख फिरवलं की बारीक खड्डे लागतात. कंबर खाल्लेला बोल्ट तो हाच. बाहेरून तो धडधाकट दिसतो, जोराचा ओढा बसला की कमरेत तुटतो. 10 मिमीचा बोल्ट कमरेत 8 मिमी उरला असेल तर त्याचं 36 टक्के क्षेत्रफळ गेलेलं असतं. व्हर्नियर लावून मोजा, पण खड्डे दिसत असतील तर मोजमापाची वाटही बघू नका, तो भंगारात टाका. घासून-पुसून परत बसवू नका. नाळेवरच्या कडीच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण पुरात बोट ओढली जाते ती त्याच कडीने.

गोडं पाणी असूनही गंज का?

कोयनेचं पाणी पावसाचं, क्षार कमी असलेलं. अशा पाण्यात समुद्राच्या तुलनेत गंज सावकाश चढतो हे खरं. पण आपल्याकडच्या कितीतरी बोटी कोकणातून जुन्या म्हणून घेतलेल्या असतात आणि त्यांच्या भोकांतल्या प्लायवूडमध्ये खाडीचं मीठ तसंच मुरलेलं असतं. बाहेरून कितीही धुतलं तरी ते निघत नाही.

दुसरं कारण आपल्याच गोदामात असतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गावची बोट ठेवतात ती ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा सोसायटीच्या गोदामात. शेजारी विहिरीत टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पोतं आणि पलीकडे उसासाठी आणलेलं पोटॅश. टीसीएलमधून क्लोरीनची वाफ कायम निघत असते आणि ती स्टेनलेसला फार वाईट. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मं क्लोराइडच असतं. त्याची धूळ दमट हवेत ओलसर होऊन बोल्टच्या डोक्यावर बसली की अंगणातच समुद्र आणून ठेवल्यासारखं होतं. पूर ओसरल्यावर जंतुनाशक म्हणून बोटही टीसीएलच्या पाण्याने धुतात. धुवा, पण लगेच साध्या पाण्याने दोनदा खळखळून काढा. बोट ज्या खोलीत असेल तिथून टीसीएल आणि खत हलवा. खालची सगळी मेहनत या एका गोष्टीवाचून वाया जाते.

आधी तपासणी

स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने बोल्टभोवती वीतभर अंतरापर्यंत ठोकत जा. कोरड्या, घट्ट जागी आवाज टणक येतो. जिथे प्लायवूड कुजलंय किंवा फायबर सुटलंय तिथे भद्द, बसका आवाज येतो. त्या जागेभोवती मार्करने रेघ मारत गेलं की ओलाव्याचा नकाशाच तयार होतो.

खात्री करायची असेल तर आतल्या बाजूने 5 मिमीचं भोक पाडा, पण पलीकडचा थर फोडू नका. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करून घ्या. भुसा पांढरट-पिवळा आणि कोरडा निघाला तर ठीक. काळपट, ओलसर, आंबूस वासाचा निघाला तर तिथलं लाकूड गेलं.

आवाजाचा बसकेपणा भोकाभोवती चार-पाच सेंटिमीटरपर्यंतच असेल तर दुरुस्ती भोकापुरती. त्यापेक्षा जास्त पसरला असेल, विशेषतः ट्रान्समवर, तर काम मोठं आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

ओघळ प्रत्येक वेळी खोलवरचाच असतो असंही नाही. चांगल्या स्टेनलेसवरसुद्धा चहासारखा फिकट डाग धरतो. शेजारी कुणी ग्राइंडर चालवला आणि साध्या लोखंडाचे कण उडून बसले, किंवा तारेच्या साध्या घासणीने स्टेनलेस घासलं, तरी ठिपके उठतात. असा डाग लिंबूसत्त्वाने जातो आणि वर्षभर परत येत नाही. महिन्याभरात परत आला तर दुखणं भोकात आहे असं समजा.

जाम बोल्ट काढताना

ज्योत लावू नका. बोटीतला पॉलिएस्टर रेझिन 60-80 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो, आणि गॅसकटर दाखवला की भोकाभोवतीचं फायबर जळून पिवळं पडतं. आदल्या रात्री नटावर गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी 100 वॉटची सोल्डरिंग इस्त्री बोल्टच्या डोक्यावर पाच-सात मिनिटं टेकवून ठेवा. एवढ्या उष्णतेने जुना सीलंट आणि गंज दोन्ही सैल होतात. मग नट सोडवताना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवा. एकाच दिशेने जोर केला तर आटे कापले जातात.

तरीही हलला नाही तर बोल्ट न फिरवता नटच उभा चिरा. ग्राइंडरच्या 1 मिमीच्या चकतीने नटाच्या एका बाजूवर काप घ्या आणि छिन्नी लावून उघडा. फायबरवर चकती घासू नये म्हणून खाली पत्र्याचा तुकडा सरकवून ठेवा. स्टेनलेसला ड्रिल मारायची वेळ आलीच तर कोबाल्टचं बिट, कमी वेग, भरपूर दाब आणि कापायचं तेल. जास्त वेगाने बिट नुसतं घासत राहिलं की स्टेनलेस त्या जागी कडक होतं आणि मग कुठलंच बिट आत शिरत नाही.

भोक दुरुस्त करणं : खरं काम इथे आहे

10 मिमीच्या बोल्टसाठीचं भोक आतल्या बाजूने 16 मिमी करा. पलीकडच्या थरातलं भोक मोठं झालं नाही तर उत्तम. बाहेरून टेप लावून तळ बंद करा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आत फिरवला की थरांच्या मधलं मऊ लाकूड आणखी चार-पाच मिमी कोरून निघतं.

आता वाळवणं. मालकांना सगळ्यात जड जातं ते हेच, कारण बोट नुसती उभी राहते. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हात भोकं उघडी ठेवली तर दोन-तीन आठवडे, सावलीत त्याहून जास्त. वाळलं का, हे बघायची सोपी रीत आहे. सकाळी भोकावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दुपारपर्यंत आतून दव धरलं तर लाकूड अजून ओलं आहे. दोन दिवस सलग कोरडं राहिलं की पुढे जा. घाई करून ओल्या लाकडात इपॉक्सी ओतली तर ती धरत नाही, आणि आतला ओलावा कायमचा कोंडला जातो.

भरायला इपॉक्सीच घ्या. गॅरेजमध्ये मिळणारा साधा पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट चिकटत नाही आणि आकसतो. आधी नुसती पातळ इपॉक्सी ब्रशने भोकाच्या आत लावा, लाकडाला पिऊ द्या. अर्ध्या तासाने, ती चिकट असतानाच, घट्ट केलेली इपॉक्सी भरा. घट्ट करायला कोलॉइडल सिलिका आणि बारीक दळलेला काचधागा मिसळा. चमच्यावरून सांडणार नाही, शेंगदाण्याच्या लोण्यासारखी उभी राहील एवढी घट्ट हवी. 40 मिमी खोल, 16 मिमी रुंद भोकाला साधारण 8 घनसेंटिमीटर, म्हणजे 9 ग्रॅमच्या आसपास माल लागतो. कोरलेली जागा आणि भांड्याला लागणारं धरून चार भोकांना 60 ग्रॅम पुरेल. एका वेळी जास्त कालवू नका. डब्यात ढीग राहिला की तो आपल्याच उष्णतेने तापतो आणि धूर काढून आवळतो. रेझिन-हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि ते वजनाचं आहे की मापाचं हे वाचून. अंदाजाने ओतू नका. सोन्याच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा स्वस्तात मिळतो. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल, हा समज पॉलिएस्टरवाल्यांचा. इपॉक्सीत तसं केलं तर माल कायमचा रबरासारखा मऊ राहतो. काम सकाळी आठच्या आत करा, दुपारच्या उन्हात तोच माल अर्ध्या वेळात आवळतो.

दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर तेलकट थर आलेला असतो. तो थिनरने पुसू नका, पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा. मग बरोबर मधोमध 10 मिमीचं भोक पाडा. आता बोल्टच्या सगळ्या बाजूंनी 3 मिमी इपॉक्सीची भिंत आहे. उद्या वरचा सीलंट फुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. शेवटी भोकाच्या वरच्या तोंडाला काउंटरसिंकने 2 मिमीचा उतार द्या. त्यात सीलंटची रिंग अडकून बसते आणि नट आवळताना सगळा माल बाहेर पिळून जात नाही.

बोल्ट कुठला घ्यायचा

दुकानात नुसतं "एसएस" म्हणून मागितलं की बऱ्याचदा 202 नंबरचं स्टेनलेस हातात येतं. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि गंजाला ते कच्चं. चुंबक लावून ते ओळखता येत नाही, कारण 202 आणि 304 दोन्हींना चुंबक जवळपास चिकटतच नाही. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का बघा. ए2-70 म्हणजे 304च्या दर्जाचा, ए4-70 किंवा ए4-80 म्हणजे 316च्या. शिक्का नसलेला बोल्ट घेऊ नका. 316मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडच्या खड्ड्यांना ते तोंड देतं. शिवसागरातल्या बोटीला पाण्याच्या वरच्या जागी 304 पुरतं. कोकणातून आलेली बोट, नाळेची कडी आणि पाण्याखालचा कुठलाही बोल्ट याला 316च. चंदेरी दिसणारे जिंक प्लेटेड बोल्ट बोटीवर नकोत. त्यांच्यावरचा जस्ताचा थर 5 ते 10 मायक्रॉनचा असतो, एका पावसाळ्यात उडतो.

तुटलेली कडी जागेवरच वेल्डिंग करून घेऊ नका. काढून न्या, 304ला 308एल आणि 316ला 316एल तारेने आर्गन वेल्डिंग करून घ्या, आणि निळा पडलेला भाग पिकलिंग पेस्टने साफ करा. तो निळेपणा राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

चांगल्या अवस्थेतली जुनी पट्टी, बिजागरी, क्लीट परत वापरता येते. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व, पाणी हाताला चटका बसेल इतपत, 50-60 अंश. त्यात अर्धा तास बुडवा, साध्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडं करा. पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण निघून जातात आणि पापुद्रा नव्याने धरतो. फायबरवरच्या ओघळाला ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला 50 ग्रॅम, ब्रशने लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. हे विष आहे. हातमोजे घाला आणि डबा मुलांपासून लांब ठेवा. ही दोन्ही ॲसिडं टीसीएलच्या जवळ नेऊ नका. एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

बसवताना

सिलिकॉन वापरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि धातूलाच खातो. शिवाय त्याचा तेलकट अंश फायबरवर एकदा बसला की पुढे तिथे ना रंग धरत, ना दुसरा सीलंट. आधी वापरलेला असेल तर ब्लेडने खरवडून, पॉलिश पेपर मारून तो थर पूर्ण काढावा लागतो.

क्लीट, रेलिंग, बिजागरी अशा पुढेमागे काढाव्या लागणाऱ्या वस्तूंना ब्युटाइल टेप सगळ्यात सोयीची. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्यांकडे ती मिळते. तिचा दोरा वळून बोल्टच्या मानेभोवती आणि पट्टीखाली लावा. पाण्याखालच्या जागी किंवा परत काढायच्याच नसलेल्या वस्तूंना मरीन पॉलियुरेथेन सीलंट. पण तो नंतर सुटत नाही हे लक्षात ठेवूनच लावा.

आवळायची रीत अशी : बोल्टचं डोकं पान्याने स्थिर धरा आणि नटच फिरवा. बोल्ट फिरला की मानेभोवतीचा सीलंट कापला जातो. ब्युटाइल असेल तर थोडं आवळा, दोन-तीन तास थांबा, परत थोडं आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन-चार वेळा करत कडेने टेप पिळून यायची थांबली की झालं. पॉलियुरेथेन असेल तर माल कडेने सारखा बाहेर येईपर्यंतच आवळा आणि तसंच सोडा. आठवड्याने पाव फेरा द्या. पहिल्याच दमात पूर्ण आवळलं तर मध्ये सीलंट उरतच नाही.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा फिरवला तर मध्येच आटे एकमेकांत धरून कायमचा जाम होतो. आट्यांना अँटी-सीझ ग्रीसचं बोट लावा आणि हातपान्यानेच फिरवा, इम्पॅक्ट गन नको. आतल्या बाजूला नुसता छोटा वॉशर पुरत नाही. 3 मिमी स्टेनलेसची किंवा 6 मिमी ॲल्युमिनियमची, कोपरे गोल केलेली पाठपट्टी द्या. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर बोल्ट आणि पट्टीमध्ये नायलॉनचा वॉशर आणि भोकात ग्रीस हवंच. नाहीतर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजत जातं आणि पांढरी भुकटी बाहेर येते. इंजिनाच्या ब्रॅकेटवर बोल्टभोवती रंगाला फुगे येतात तेही यामुळेच.

इंजिनाच्या पायावरच्या ॲनोडबद्दल, म्हणजे बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणाऱ्या तुकड्याबद्दल, एवढंच : गोड्या पाण्यात जस्ताच्या ॲनोडवर थर चढून तो निकामी होतो. तिथे मॅग्नेशियमचा लावा, आणि निम्मा झिजला की बदला. ॲनोडवर रंग मारायचा नाही.

ट्रान्समच कुजला असेल तर

40 अश्वशक्तीचं इंजिन वीत-दीड वीत जागेवर लटकलेलं असतं. तिथलं लाकूड मऊ असेल तर बोल्ट आवळत राहाल आणि नट लाकडात रुतत जाईल. दर महिन्याला इंजिनाचे बोल्ट ढिले होत असतील तर कारण बहुधा हेच. भोकं भरून हे सुधारत नाही.

आतल्या बाजूचा फायबरचा थर ग्राइंडरने चौकटीसारखा कापून काढा. कडेला दीड-दोन इंच पट्टी राहू द्या. कुजलेलं प्लायवूड छिन्नीने पूर्ण काढा, बाहेरचा थर घासून खरखरीत करा. आयएस 710 शिक्क्याचं 18 मिमी मरीन प्लाय दोनदा, इपॉक्सीने एकमेकांना आणि बाहेरच्या थराला चिकटवून शिकंजे लावा. सगळ्या कडा आधी इपॉक्सीने पाजून घ्या. वरून काचकापडाचे थर देताना जुन्या फायबरला जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासा. 4 मिमी थराला 48 मिमी. उतार नसेल तर सांधा तिथेच उकलतो. इपॉक्सी वापरत असाल तर विणलेलं कापड घ्या. चिरलेल्या धाग्यांच्या मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट नीट भिजत नाही.

पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावा म्हणून घालायचं द्रावण) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळा, मगच हार्डनर, रेझिनच्या 1 ते 2 टक्के. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. काचेची धूळ उडते तेव्हा तोंडाला रुमाल पुरत नाही, धूळरोधक मास्क लागतो.

हे सगळं काम मार्च-एप्रिलचं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की बोट काढायची धावपळ होते, तेव्हा भोकं वाळवायला सवड नसते. जूनच्या आधी एकदा बोट ट्रॉलीवर बांधून नाळेच्या कडीला दोर लावा आणि चार जणांनी झटके देऊन ओढा. कडी तसूभरही हलली, किंवा तिच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली, तर ती बोट यंदा माणसं आणायला पाठवू नका.

ठेवताना बोटीची नाळ वर आणि मागची बाजू खाली राहील असं बघा, तळाचं बूच काढून ठेवा. ताडपत्री अंगाला चिकटवून गुंडाळू नका, खाली बांबू घालून हवा खेळती ठेवा. आणि ऑगस्टमध्ये, बोट वापरात असली तरी, एकदा आतून प्रत्येक पाठपट्टीवरून हाताचं बोट फिरवा. नटाखाली ओल लागली तर तो एकच बोल्ट लगेच खोला, बाकीची भोकं अजून कोरडी आहेत तोवर.